जोबात्ताची खिडकी

आमच्या कालाब्रेना गावात कुणी पाहुण्याला फुकट कॉफी पाजली, असं आजवर ऐकिवात नव्हतं. पुढे समुद्र, पाठीला डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत सहा-सहा मजली घरं एकमेकांना खेटून उभी. माणसांची मनंही त्या पट्टीच्याच मापाची आहेत, असं पलीकडच्या गावचे लोक म्हणतात आणि ते काही खोटं नाही. पूर्वी जहाजावर खलाशी घेताना मालक विचारायचा म्हणे, ‘‘पगार जास्त आणि तोंड बंद, की पगार कमी आणि कुरकूर करायची मुभा?’’ आमचे खलाशी डोळे मिटून कमी पगार घ्यायचे. तेव्हा कुरकूर हा आमचा हक्क आहे, आणि तो आम्ही रोख मोजून घेतलेला आहे.

या हक्काची पुरेपूर वसुली कुणी केली असेल तर ती एर्सीलिया ओलिवारीनं. वय अठ्ठ्याहत्तर, राहणार धक्क्यासमोरच्या पिवळ्या घरात, चौथा मजला. सकाळी सहाला तिच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडायची आणि गावाचा दिवस सुरू व्हायचा. ‘‘झीता, काल तुझ्या फोकाच्चात मीठ होतं की मिठात फोकाच्चा होता?’’ खाली फोकाच्चाचे चपटे पाव भाजणारी बेकरीवाली झीता हातातलं पीठ झटकत वर न बघताच म्हणायची, ‘‘तरी दोन तुकडे खाल्लेत ना मावशी!’’ मग बारवाल्या पिलादेची पाळी. त्याच्या खुर्च्यांचा आवाज, त्याच्या कॉफीचा रंग, त्याच्या बापाची कॉफी कशी बरी होती. मग कोळ्यांची, मग पाद्रीबाबांची, मग समुद्राची. समुद्राचंही तिच्या मते काही ना काही चुकतच असायचं.

त्या ऑक्टोबरातल्या मंगळवारी मात्र सहा वाजले, सात वाजले, आठ वाजले, तरी खिडकी उघडली नाही. एर्सीलिया आत होती, धडधाकट होती, झडपेच्या हिरव्या पट्ट्यांमागे खुर्ची टाकून बसली होती. फक्त तिला हलायची, बोलायची आणि खिडकी उघडायची बंदी होती. बंदी पिलादेनं घातली होती. पिलादे त्या घरातल्या रहिवाशांचा अध्यक्ष, आणि एर्सीलियाचा शाळेतला सोबती.

‘‘एकच दिवस, एर्सीलिया,’’ आदल्या संध्याकाळी तो हात जोडून म्हणाला होता. ‘‘खाली यायचं नाही, झडप उघडायची नाही, आणि तोंड तर मुळीच उघडायचं नाही.’’

‘‘श्वास घेतला तर चालेल का?’’

‘‘हळू घे.’’

आता ही भानगड काय ते सांगायला हवं. आमच्याकडे भिंतीवर जितक्या खिडक्या दिसतात तितक्या नसतात. निम्म्या रंगवलेल्या. खरी खिडकी पाडायची तर गवंडी आला, सुतार आला, काच आली. रंगवायला एक माणूस आणि दोन डबे पुरतात. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात, आणि कुणी पाहिलंच तर लांबूनच पाहतं. चौकट, हिरव्या झडपा, कठड्यावर लाल फुलांची कुंडी, आणि चौकटीखालची तिरपी सावली, सगळं कुंचल्याचं. सावलीबद्दल गावाचा एक जुना दंडक आहे. रंगवलेली सावली नेहमी सकाळी दहाची, म्हणजे उजवीकडून ऊन आणि डावीकडे सावली. कोणत्याही रंगाऱ्यानं कधी दुसऱ्या वेळेची रंगवली नाही.

एर्सीलियाचा नवरा जोबात्ता हा या खोट्या खिडक्यांचा रंगारी होता. हात असा की कबुतरं त्याच्या कठड्यावर बसायला जायची आणि फडफडत खाली यायची. लग्न होऊन एर्सीलिया पिवळ्या घरात आली तेव्हा तिच्या स्वयंपाकघराला एकच झरोका होता आणि त्यातून डोंगर दिसायचा. तोही पुरता नाही. ती बंदरावरच्या दिवेवाल्याची पोरगी, जन्मल्यापासून समुद्र बघत वाढलेली. महिनाभर तिनं कुरकूर केली. मग एक दिवस कुरकूर थांबली आणि ती पोळपाटाशी बसून गप्प रडायला लागली. तेव्हा जोबात्ता घाबरला.

पुढच्या रविवारी माउलीची, म्हणजे आमच्या मादोनाची मिरवणूक होती. सगळं गाव धक्क्यावर, घंटा वाजताहेत, तोफा उडताहेत. चौथ्या मजल्यावर जोबात्तानं हातोडा घेतला आणि प्रत्येक तोफेला एक घाव, असं करत भिंत फोडली. बरोबर त्याच जागी बाहेरून एक रंगवलेली खिडकी होती, मधली. मूर्ती देवळात परतेपर्यंत खोट्या खिडकीच्या जागी खरी बसली होती. सरकारदरबारी मात्र नकाशात ती रंगवलेलीच होती, आणि भिंतीला भोक पाडायची कुणालाच परवानगी नव्हती. मग त्यानं खऱ्या झडपांवर, खऱ्या चौकटीवर रंग चढवला, कठड्याखाली दहाची सावली काढली, आणि झडप लावली की ती खिडकी शेजारणींइतकीच खोटी दिसायला लागली. ज्या माणसानं जन्मभर खोट्या खिडक्या खऱ्या वाटाव्यात म्हणून रंगवल्या, त्यानं बायकोसाठी एकच खरी केली आणि ती खोटी वाटावी म्हणून रंगवली. एर्सीलियानं तेव्हाही म्हटलं होतं, ‘‘अर्धा हात रुंद केली असतीस तर काय बिघडलं असतं?’’

जोबात्ताला जाऊन नऊ वर्षं झाली होती. आणि आता घराची पुढची भिंत नव्यानं रंगवायची होती. त्याला सरकारी मदत मिळणार होती, आणि मदतीआधी जेनोव्हाच्या कचेरीतून माणूस येऊन खिडक्या मोजणार होता. चोरून पाडलेली खिडकी सापडली की ती विटांनी बुजवायची, असा नियम. एर्सीलियाच्या घरात समुद्र त्या एकाच जागेतून येत होता.

गावानं तिला मदत केली ती प्रेमापोटी, असं कुणी समजू नये. पिलादेनं बारमध्ये सगळ्यांना स्पष्टच विचारलं होतं, ‘‘तिची खिडकी बुजली तर ती कुरकूर करायला कुठं येईल?’’ सगळ्यांनी एकदा आपापल्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि ठराव एकमतानं झाला.

बेत साधा होता. कचेरीच्या बाई पावणेदहाच्या गाडीनं येणार. दहाला भिंतीसमोर उभ्या राहणार. खऱ्या चौकटीची चार बोटं पुढे आलेली कड दहाला जी सावली पाडते ती जोबात्तानं काढलेल्या सावलीवर बरोब्बर बसते. डोळ्यांत तेल घालून पाहिलं तरी कळायचं नाही. साडेदहाला बाई परत. धोका फक्त दुपारचा. ऊन उलटलं की खऱ्या खिडक्यांच्या सावल्या उजवीकडे जातात, खोट्यांच्या डावीकडेच राहतात, आणि या एकीला दोन सावल्या पडतात.

आणि नेमके त्याच दिवशी बोगद्याच्या तोंडाशी रुळांवर दगड आले.

पट्ट्यांच्या फटीतून एर्सीलियानं पाहिलं तेव्हा साडेबारा झाले होते. स्टेशनच्या उतारावरून पिलादे येत होता आणि त्याच्या हातात कुणाची तरी बॅग होती. एर्सीलियानं डोळे चोळले. पिलादेनं स्वतःच्या लग्नात नवरीची बॅग उचलली नव्हती. शेजारून तिशीतली एक मुलगी चालत होती, केसांची शेपटी, पायांत जाडजूड बूट, काखेत वही. डॉक्टर जिनेव्रा त्राव्हेर्सो. शिकलेल्या माणसाला आमच्याकडे डॉक्टर म्हणतात, मग तो ताप मोजो की भिंती.

‘‘आधी थोडं खाऊन घ्या डॉक्टरबाई,’’ पिलादे म्हणत होता. ‘‘एवढा प्रवास!’’

‘‘चाळीस मिनिटांचा तर आहे. तीन तास गाडीत नुसती बसून होते. आधी भिंत बघते ना.’’

‘‘भिंत कुठं पळतेय? सोळाव्या शतकापासून तिथंच आहे.’’

तिला बसवलं ते पिवळ्या घराकडे पाठ करून. वर छत्री उघडली, आणि पिलादेनं ती हळूच पुढे कलवली, म्हणजे मान वळवली तरी तिसऱ्या मजल्याच्या वरचं काही दिसू नये. आता बेत नवा होता. पाच वाजता सूर्य देवळाच्या टेकाडामागे जातो आणि सगळ्या गावाच्या सावल्या एकदम पुसल्या जातात. म्हणजे साडेचार तास पाहुणीला धरून ठेवायचं. दुसऱ्या कुठल्याही गावाला हे सोपं गेलं असतं.

झीता फोकाच्चा घेऊन आली. गरम, कांद्याचा, काठाचा नाही, मधला तुकडा. एर्सीलियाला पन्नास वर्षांत मधला तुकडा मिळाला नव्हता. ती खुर्चीतून अर्धी उठली आणि पुन्हा बसली.

‘‘किती झाले?’’ जिनेव्रानं पाकीट काढलं.

झीताचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ‘‘राहू द्या,’’ ती म्हणाली. दाढ काढून घेतल्यावर माणूस बोलतो तशी.

‘‘अहो, असं कसं?’’

‘‘तुम्ही आमच्या पाहुण्या!’’ हा शब्द झीतानं बहुधा लग्नानंतर पहिल्यांदाच उच्चारला असेल.

मग भरलेल्या मांदेली आल्या. मग तुळशीच्या हिरव्या चटणीतल्या शेवया. मग तांदळाचा केक. जिनेव्रा म्हणाली, ‘‘बास,’’ तरी पिलादेनं आणखी वाढलं. कॉफी आली. फुकट. दुसरी आली, तीही फुकट. दुसऱ्या कॉफीच्या वेळी जिनेव्रानं कप खाली ठेवला आणि पिलादेकडे जरा निरखून पाहिलं. पिलादे हसला. पिलादेला हसायची सवय नाही. त्याला कळ आल्यासारखं दिसलं.

वर एर्सीलियाच्या पोटात भुकेनं कावळे कोकलत होते आणि घशाशी शब्द साचले होते. सकाळपासून सांगण्यासारख्या सतरा गोष्टी घडल्या होत्या. शेवयांवर चीज जास्त पडलं होतं. पिलादेनं फडकं खांद्यावर टाकलं होतं आणि त्याच फडक्यानं चमचा पुसला होता. कोळ्यांनी जाळं वाळूत तसंच टाकलं होतं. तिनं एप्रनचं टोक दातांत धरलं. ‘‘बघतोयस ना रे,’’ ती भिंतीवरच्या जोबात्ताच्या फोटोला पुटपुटली, ‘‘तुझ्या एका भोकापायी मला मुकी केली यांनी.’’

जेवणानंतर पिलादे पाहुणीला देवळात घेऊन गेला. तिथं वादळातून वाचलेल्या खलाशांनी नवस फेडायला टांगलेली शंभरेक चित्रं आहेत. पिलादेनं ती एकेक करून दाखवली. प्रत्येक बोटीचं नाव, कप्तानाचं नाव, कप्तानाच्या सासऱ्याचं नाव. बेचाळिसाव्या बोटीपाशी जिनेव्रा म्हणाली, ‘‘आता काम.’’ पिलादे म्हणाला, ‘‘अजून मोठं वादळ बाकी आहे.’’ ती देवळाच्या पायऱ्या उतरायलाही लागली होती.

साडेतीन वाजले होते. ऊन ऐन कलतं, स्वच्छ, मेलं कुठं ढगाचं नाव नाही. जिनेव्रा पिवळ्या घरासमोर येऊन उभी राहिली, मान वर केली, आणि पेन्सिलीनं हवेत खिडक्या मोजायला लागली. एर्सीलियानं श्वास धरला. पेन्सिल पहिल्या मजल्यावरून सरकत वर आली, चौथ्यावर पोचली, आणि थांबली.

‘‘ती मधली,’’ जिनेव्रा म्हणाली. ‘‘तिला दोन सावल्या आहेत.’’

झीता बेकरीच्या दारात पदर मुठीत धरावा तसा एप्रन धरून उभी होती. पिलादे लगबगीनं पुढे झाला.

‘‘चूक आहे ती, डॉक्टरबाई. रंगाऱ्याची.’’

‘‘चूक?’’

‘‘काय आहे,’’ पिलादे म्हणाला आणि त्याचा आवाज खाली आला, ‘‘माणूस पिणारा होता. त्याला सगळंच दोन-दोन दिसायचं.’’

वर एर्सीलिया ताठ झाली. जोबात्ता ईस्टरला एक पेला घ्यायचा. तोही अर्धा परत बाटलीत ओतायचा.

‘‘खूप प्यायचा,’’ झीता पुढे सरसावली. खोटं बोलायची वेळ आली की झीता मागे राहत नाही. ‘‘शिडीवर चढवायला दोन माणसं लागायची. एकदा तर त्यानं पाद्रीबाबांच्या घरावर दार उलटं काढलं.’’

‘‘हात कापायचे,’’ पिलादे म्हणाला.

‘‘आणि डोळ्यांत फूल पडलं होतं.’’

‘‘दोन्ही डोळ्यांत.’’

‘‘बरं बरं,’’ जिनेव्रा वही उघडत म्हणाली. तिचा चेहरा एकदम गंभीर होता. ‘‘म्हणजे मी असं लिहू का? चौथा मजला, मधली खिडकी, रंगवलेली. काम अत्यंत निकृष्ट. रंगाऱ्याला सावलीचं ज्ञान नव्हतं.’’

पिलादेनं डोळे मिटले. खिडकी वाचली होती. ‘‘लिहा,’’ तो म्हणाला.

‘‘नाव काय त्यांचं? नाव लागतं. कचेरीत कायमचं राहतं ते.’’

‘‘ओलिवारी,’’ पिलादे सावकाश म्हणाला. ‘‘जोबात्ता ओलिवारी.’’

पेन्सिल कागदाला टेकली. चौथ्या मजल्यावर, पट्ट्यांमागे, एर्सीलियाला ती टेकलेली दिसली.

तिनं जोबात्ताला काय काय म्हटलं नव्हतं! आळशी म्हटलं, बावळट म्हटलं, रंगाचा डबा सांडला तेव्हा गाढव म्हटलं, आणि एकदा सगळ्या गावासमोर म्हटलं होतं की याच्यापेक्षा कबुतराशी लग्न केलं असतं तर निदान अंडी मिळाली असती. पण ते तिनं म्हटलं होतं. पंचेचाळीस वर्षं तिनं त्याच्या प्रत्येक गोष्टीला नाव ठेवलं, फक्त त्याच्या सावल्यांना कधी ठेवलं नाही. सावली काढायची असली की जोबात्ता तीन दिवस आधी भिंतीसमोर खुर्ची टाकून बसायचा, दहाला, नुसता बघत. ती त्याला तिथंच कॉफी नेऊन द्यायची आणि तेवढं एकदाच काही न बोलता परत यायची.

समुद्र राहिला असता. गप्प बसली असती तर मरेपर्यंत समुद्र राहिला असता. हे तिला अगदी नीट कळत होतं.

धाडकन दोन्ही झडपा उघडल्या. कुंडी हलली, खरी कुंडी, आणि चौकटीत एर्सीलिया उभी राहिली, एक हात वर, केस पिंजारलेले.

‘‘खोटारड्यांनो! माझ्या नवऱ्यानं जन्मात एक सावली चुकवली नाही! ही खिडकी खरी आहे! खरी! त्यानं पाडलीय, मादोनाच्या मिरवणुकीच्या दिवशी, माझ्यासाठी! ती दुसरी सावली देवानं काढलीय, तिला नावं ठेवायची तर वर जाऊन ठेवा! आणि पिलादे, तुझ्या जिभेला काही हाड? तुझ्या बापाच्या बारचा बोर्ड त्यानं फुकट रंगवला होता, फुकट! आणि तू काय ग झीता, मधला तुकडा? परक्या बाईला मधला तुकडा? मला पन्नास वर्षं काठ चघळायला लावलेस ते? आणि ते जाळं! ते जाळं उचला आधी! शेवयांवर इतकं चीज कुणी घालतं? आणि चमचा, डॉक्टरबाई, चमचा त्यानं खांद्यावरच्या फडक्यानं पुसला होता, मी पाहिलंय!’’

सकाळपासूनच्या सतराच्या सतरा गोष्टी निघाल्या. मग कालच्या निघाल्या. खाली कुणी हललं नाही. जिनेव्रा मान वर करून बघत होती, अगदी टक लावून, आणि मधूनच वहीत काही लिहीत होती. शेवटी एर्सीलियाचा दम संपला. हात तसाच वर राहिला, तोंड तसंच उघडं राहिलं, आणि आपण काय करून बसलो ते तेव्हा तिच्या लक्षात आलं.

जिनेव्रानं वही मिटली. पाकिटातून नोटा काढून टेबलावर ठेवल्या, जेवणाच्या, केकच्या, दोन्ही कॉफींच्या.

‘‘माझी आजी पुंताब्रुनाची,’’ ती पिलादेला म्हणाली. पुंताब्रुना म्हणजे ते पलीकडचं गाव. ‘‘ती सांगायची, कालाब्रेनात कुणी फुकट काही दिलं तर समजायचं की घरात मुडदा लपवलाय. पहिल्या कॉफीला मला वाटलं, माणूस चांगला आहे. दुसऱ्या कॉफीला कळलं.’’ तिनं बॅग उचलली आणि स्टेशनचा चढ चढायला लागली. यावेळी बॅग धरायला कुणी पुढे गेलं नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. पिलादे एर्सीलियाशी बोलेना. झीता बोलायची, पण वर न बघता नाही, तर वर बघून, आणि त्या बघण्यात कीव होती. ती एर्सीलियाला सहन होईना. गवंडी येऊन चौकटीचं माप घेऊन गेला आणि जाताना ‘‘साठ-सत्तर विटा लागतील’’ असं उगाचच बोलला. एर्सीलिया जेवायचं ताट घेऊन खिडकीत बसायची, भाजी निवडायला खिडकीत बसायची. झडप आता ती लावतच नव्हती. लपवायचं काय राहिलं होतं? समुद्राला तिनं नावं ठेवणं सोडून दिलं. कुणी पाहुणा उद्या जाणार असला की त्याच्याशी आपण जरा नीट वागतो, तसं चाललं होतं. तिला रडू यायचं. पण पुन्हा तीच पेन्सिल तिथंच टेकली असती तर तिनं पुन्हा झडप उघडली असती, हेही तिला माहीत होतं.

नोव्हेंबरच्या मध्याला जेनोव्हाहून जाड पाकीट आलं. अध्यक्ष म्हणून ते पिलादेच्या नावावर. त्यानं ते बारमध्ये फोडलं, दोन पानं मनात वाचली, तिसऱ्यावर थांबला, आणि बाहेर येऊन खिडकीकडे बघत ओरडला, ‘‘एर्सीलिया! खाली ये!’’

‘‘विटांचं असेल तर तिथूनच सांग!’’

‘‘खाली ये म्हणतो ना!’’

ती आली. चार मजले, गुडघ्यांना आणि जिना बांधणाऱ्याला शिव्या देत. सगळे जमले होते. पिलादेनं चष्मा लावला.

‘‘चौथा मजला, मधली खिडकी,’’ तो वाचू लागला. ‘‘रंगवलेली.’’

‘‘काय?’’

‘‘ऐक तर. रंगवलेली. झडपा उघड्या दाखवल्या आहेत. चौकटीत एक वयस्क स्त्री, उजवा हात वर, तोंड उघडं. काम इतकं जिवंत आहे की खाली उभं राहणाऱ्याला तिचा आवाज ऐकू आल्याचा भास होतो. प्रस्तुत निरीक्षकाला तो बराच वेळ झाला. सावल्या अचूक. रंगारी, जोबात्ता ओलिवारी, कालाब्रेना. आजवर पाहिलेल्या कामांत सर्वोत्तम. आहे तसं जतन करावं, कुणीही हात लावू नये.’’

झीतानं नाक पुसलं. सगळे एर्सीलियाकडे बघत होते, आता ही काय खोट काढते म्हणून. ‘वयस्क’ या शब्दावर तरी ती नक्की उसळेल, अशी पिलादेची खात्री होती आणि तो एक पाऊल मागेही सरकला होता.

‘‘ते सावल्यांचं पुन्हा वाच,’’ एर्सीलिया म्हणाली.

‘‘सावल्या अचूक.’’

‘‘पुन्हा.’’

पिलादेनं चार वेळा वाचलं. मग तिनं तो कागद त्याच्या हातातून घेतला, घडी करून एप्रनच्या खिशात टाकला, आणि काही न बोलता घराकडे चालायला लागली. झीता मागून धावत गेली आणि तिच्या हातात फोकाच्चाची पुडी कोंबली. मधला तुकडा होता. एर्सीलियानं वर जाऊन खाल्ला आणि खिडकीतून सांगितलं की काठच बरा असतो.

वसंतात भिंत नवी झाली. रंगाऱ्यांनी मधली खिडकी सोडून सगळीकडे पिवळा चढवला. जोबात्ताचा जुना हिरवा तसाच राहिला. परांच्या उतरल्या आणि मे महिन्यात एका सकाळी काम बघायला जेनोव्हाहून स्वतः साहेब आले, सोबत जिनेव्रा. यावेळी गाडी वेळेवर होती. पिलादेनं स्टेशनच्या वळणावरून शिट्टी घातली, आणि एर्सीलियानं हातातली चवळी खाली ठेवली, केस पिंजारले, चौकटीत उभी राहिली, उजवा हात वर केला आणि तोंड उघडलं.

तोंड इतका वेळ उघडं आणि आवाज नाही, ही अवस्था तिच्या आयुष्यात पहिलीच. नाकाच्या शेंड्यावर माशी बसली. खाली कोळ्यांनी जाळं पुन्हा वाळूतच टाकलं होतं. एर्सीलिया हलली नाही.

साहेब म्हातारे होते आणि त्यांच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड होत्या. ते भिंतीसमोर उभे राहिले, मान वर केली, आणि खूप वेळ बघत राहिले. जिनेव्राच्या बुटाची नाडी नेमकी तेव्हाच सुटली. ती खाली वाकून बांधत बसली. देवळात दहाचे ठोके पडले. भिंतीवरच्या सगळ्या सावल्या, खऱ्या आणि खोट्या, एकाच बाजूला होत्या.

‘‘ओलिवारी जोबात्ता,’’ साहेब सावकाश म्हणाले. ‘‘एवढा मोठा कलावंत, आणि आपल्याला त्याचं नावही माहीत नव्हतं.’’

मग त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि जिनेव्राचं कोपर धरून तिला वर बघायला लावलं.

‘‘आणि ते बघ पोरी. डोळ्यांत पाणीसुद्धा काढलंय.’’